सकाळी आठच्या आत, उपाशीपोटी

टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच काढावं लागतं.
दुपारपर्यंत आकडा खाली बसतो,
गंगावेशीतल्या दुधाच्या फेसासारखा.
सगळ्यांना सांगतो, खोराटेंनाही सांगितलं,
तर ते साडेसातलाच हजर, पोराला घेऊन.
शटर अजून अर्धंच वर होतं.

उद्यमनगरात त्यांची फौंड्री.
पेन धरलं तरी सळई धरल्यासारखं.
फॉर्मवर 'तपासणीचे कारण' या रकान्याशी
बराच वेळ अडले,
मग लिहायचं सोडून म्हणाले,
"पोरगं लग्नाला न्हाई म्हणतंय.
कशात कमी पडतंय तेवढं बघा,
जे काय असंल ते भरून काढू."
भरून काढू.
साच्यात ओततात तसं.

प्रणील. वय सव्वीस.
खांदे तालमीतले, डावा कान मोडलेला.
बाही वर केली आणि त्यानं नजर
भिंतीवरच्या कॅलेंडरला लावली
(महिना मागचाच होता).
शीर इतकी ठसठशीत की पट्ट्याची गरज नव्हती.
तरी बांधला.
सुई शिरताना वडील दाराकडं वळले.
रोज वितळलेलं लोखंड बघणारा माणूस.

नळी पिवळ्या टोपणाची. नाव, वय, लिंग.
सेंट्रिफ्यूज फिरलं,
तांबडं खाली गेलं,
वर राहिलं चमचाभर पिवळसर पाणी.

मला उत्तर माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी, याच खोलीत,
मॅडम घरी गेल्यावर
पट्ट्याचं एक टोक दातांत धरून
मी स्वतःचंच रक्त काढलं होतं.
नळीवर नाव मावसभावाचं टाकलं.
माझं नाव सुकुमार, त्यावरून शाळेत
ऐकायचं तेवढं ऐकून झालं होतं.
आकडा आला सहाशे बारा.
तेव्हा कळलं,
मलाही कमीच निघायला हवं होतं.
कमी म्हणजे निदान कारण तरी.

मग वाचत सुटलो.
कुणी कुणी रक्तं जमवली होती,
इकडचे पुरुष, तिकडचे पुरुष, असे दोन ढीग.
एकानं लिहिलं कमी, दुसऱ्यानं जास्त,
मोजणी सुधारत गेली तसे
ढीग एकमेकांत मिसळले.
कुणी टोचून बघितलं :
भूक वाढली, चव तीच राहिली.
आच वाढवून पांढऱ्या रश्श्याचा तांबडा होत नाही, बाबा.
मग म्हणाले, आईच्या पोटातच काही ठरत असेल,
आणि बोटांची लांबी मोजायला लागले.
केएमटीच्या दांडीवरची माझी बोटं
मी घरापर्यंत बघत राहिलो.
अनामिका जरा लांब.
कंडक्टरचीपण जरा लांबच होती.

संध्याकाळी रिपोर्ट. पाचशे अठ्ठ्याऐंशी.
खोराटेंनी चष्मा पुसून परत वाचला.
"म्हंजे नॉर्मल?"
"नॉर्मल."
चेहरा पडला त्यांचा.
नॉर्मल ऐकून पडलेला चेहरा
मी याआधी एकदाच बघितलाय,
तिथं, बेसिनवरच्या आरशात.

"मग औषध कशाचं द्यायचं?"
मी टेक्निशियन. म्हणालो, मॅडमना भेटा.
ते काउंटरवरून हलेनात.
तेव्हा तोंडातून गेलंच,
"काका, माझंपण एवढंच आहे."
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या हाताकडं, मग रिपोर्टकडं.
"तुमचं लगीन?"
"नाही."
पंखा आवाज करत होता.
"पावती द्या," ते म्हणाले.

बाहेर बुलेटला टेकून प्रणील,
सकाळचा कापूस अजून कोपरात धरलेला.
रक्त कधीच थांबलं असणार.
बापानं किल्ली पुढं केली की नुसती हातात धरली,
काचेतून नीट दिसलं नाही.

रजिस्टर भरताना कारणाचा रकाना कोराच होता.
तिथं रेघ मारायची पद्धत आहे आमच्यात.
मी मारली नाही.